फॉरवर्ड ढकलायच्या आधी जरा थांबा
२०१८ आठवतंय का, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारी टोळी समजून गावकऱ्यांनी ५ जणांना ठार मारलं, त्या दिवसांत पोरं पळवण्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरत होते, आणि त्यातला बाईकवरून पोर उचलणारा जो फेमस व्हिडिओ होता ना तो मुळात कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा, शेवटी पोर परत आणून देतात आणि मेसेज देतात तेवढंच कापलेलं!

म्हणून व्हिडिओ आला की आधी पॉज करा, दुकानाच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, भाषा बघा. मग स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्समध्ये (फोटोवरून शोधता येतं ते) टाका, जुना असेल तर बऱ्याचदा तिथेच सापडतो. व्हॉट्सॲपवर दोन बाण दिसले तर समजायचं की हे हातोहात फिरून आलंय, पाठवणाऱ्या काकांना यातलं काही माहीत नाही (त्यांना ग्रुपवर झापू नका, पर्सनलला सांगा).

अकाउंटवर डाऊट असेल तर इन्स्टाला प्रोफाइलच्या तीन टिंबांत 'या अकाउंटबद्दल' असतं, कधी उघडलं ते दिसतं, कधीकधी नाव किती वेळा बदललं तेपण. फेसबुक पेजला पेज ट्रान्सपरन्सी बघा (पेजची जुनी नावं दिसतात तिथे), काल रेसिपीचं पेज आज राजकारणावर बोलत असेल तर काय ते ओळखा. डीपी पण लेन्समध्ये टाका, भलत्याच कुणाचातरी फोटो निघतो.