पायाखालून वीज, समुद्रातून वीज, चुंबकातून वीज: यावर वाद घालायचा तर असा घाला

कुणीतरी व्हिडिओ पाठवतो, लोक फरशीवरून चालतायत आणि फरशीतून वीज निघतेय, खाली लिहिलेलं असतं "हे सगळीकडे का बसवत नाहीत??" आणि मग दोन तास मारामारी. एक म्हणतो मोठ्या कंपन्या दाबून टाकतात, दुसरा म्हणतो फालतूपणा आहे, आणि दोघांपैकी एकानेही एक साधा गुणाकार केलेला नसतो. मीही वर्षानुवर्षं तसाच भांडायचो, त्यामुळे खाली जे लिहितोय ते बरंचसं तोंडावर पडून शिकलेलं आहे.

सगळ्यात आधी समोरच्याने किलोवॅट म्हटलंय की युनिट ते विचारा. किलोवॅट म्हणजे वीज किती जोरात निघतेय, आणि युनिट म्हणजे किलोवॅट-तास, म्हणजे एकूण किती जमली. निम्मे वाद इथेच मिटतात, खरंच. फ्रान्समधलं ला रान्सचं भरती-ओहोटीवरचं केंद्र 1966 पासून चालू आहे, क्षमता 240 मेगावॅट (1 मेगावॅट म्हणजे 1000 किलोवॅट). पण वर्षभरात तिथे साधारण 50 कोटी युनिट वीज होते, ती वर्षाच्या 8760 तासांत वाटली की सरासरी येते 57 मेगावॅटच्या आसपास. केंद्र उत्तम आहे, फक्त 240 हा आकडा घेऊन वाद घालणारा चौपट फुगवून बोलतोय.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: "आज किती निघते" यावर भांडूच नका, "जास्तीत जास्त किती निघू शकते" ते आधी काढा. फरशीचंच घ्या. 70 किलोचा माणूस, फरशी 5 मिलिमीटर दबते. 70 गुणिले 9.8 (गुरुत्वाकर्षणाचा आकडा) गुणिले 0.005 मीटर, झाले साधारण 3.4 ज्यूल, ज्यूल म्हणजे ऊर्जेचं माप. एका पावलाला एवढंच, आणि तेही काहीच वाया गेलं नाही असं धरून. दिवसाला 10,000 पावलं म्हणजे 34,000 ज्यूल. मोबाईलच्या 4000 एमएएचच्या बॅटरीत 55,000 च्या आसपास मावतात. म्हणजे दिवसभर चालून एक फोनसुद्धा फुल होत नाही! इथे समोरचा हमखास म्हणणार की "टेक्नॉलॉजी सुधारेल ना", तर त्याला शांतपणे सांगा की हा हिशोब शंभर टक्के सुधारलेल्या टेक्नॉलॉजीचाच होता. फरशी जास्त दाबू द्यायची म्हटलं तर वाळूत चालल्यासारखं होतं, कारण ती ऊर्जा शेवटी चालणाऱ्याच्या पायातूनच येतेय, फुकट नाहीये ती.

हे मला कागदावर आधी कळलं नव्हतं. मी बझरमधल्या त्या पितळी पिएझो चकत्या (दाबल्या की थोडी वीज देणाऱ्या) आणल्या, चार डायोड जोडले, मल्टिमीटर लावला आणि चकतीवर बोटाने टकटक केलं तर काटा 20 व्होल्टच्या पुढे उडाला. मी एवढा खूष झालो की लगेच दोघांना फोटो पाठवला, म्हटलं बघा. मग वीज साठवणारा 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला आणि टकटक करत बसलो, करत बसलो, बोट दुखायला लागलं तरी कपॅसिटर जेमतेम 2 व्होल्टवर. त्यात साठले होते 2 मिलीज्यूल, म्हणजे ज्यूलचे दोन हजारांश. फोन फुल करायला तो कपॅसिटर अडीच कोटींपेक्षा जास्त वेळा भरावा लागला असता. व्होल्ट दिसले म्हणून ऊर्जा आहे असं नसतं, हे त्या दिवशी बोटाला कळलं. पाठवलेला फोटो काही परत घेता आला नाही, अजून चिडवतात.

पण थांबा, नुसतं हाणून पाडायला निघालात तर तुम्हीही तेवढेच चुकाल. 1904 मध्ये इटलीत लार्डेरेल्लोला जमिनीतल्या वाफेवर पाच बल्ब पेटवले होते, फक्त पाच. तेव्हा कुणी म्हटलं असतं की "पाच बल्बांनी काय होणार" तर तो शहाणाच वाटला असता. 1913 मध्ये तिथेच 250 किलोवॅटचं केंद्र उभं राहिलं. 1954 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्स या प्रयोगशाळेने दाखवलेला सिलिकॉनचा सोलर सेल सूर्यप्रकाशाच्या 6 टक्के वीज करायचा. पण एका थराच्या सेलची भौतिकशास्त्राने घातलेली मर्यादा 33 टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे वर भरपूर जागा होती, आणि आज बाजारातली पॅनेल 20 च्या पुढे गेलीयत. फरशीला ती जागाच नाहीये. पवनचक्कीलाही छत आहे, वाऱ्यातल्या ऊर्जेचा 59.3 टक्क्यांपेक्षा जास्त भाग काढता येत नाही (याला बेट्झची मर्यादा म्हणतात) आणि मोठ्या चक्क्या आत्ताच 45 च्या आसपास पोचल्यात. त्यामुळे कुणी "तेवढ्याच घेरात दुप्पट वीज देणारी नवी चक्की" म्हणाला की पुढचं ऐकायची गरज नाही.

कधीकधी मात्र समोरच्याचा मुद्दा बरोबर निघतो आणि तो मान्य करावा लागतो, याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे स्पेनमधलं मांझानारेसचं. 1982 मध्ये तिथे 195 मीटर उंच चिमणी उभारली, पायथ्याशी 244 मीटर व्यासाचं पारदर्शक छप्पर, खाली हवा तापते, चिमणीतून वर जाते आणि जाताना टर्बाइन फिरवते. क्षमता 50 किलोवॅट. छपराचं क्षेत्रफळ जवळपास 46,000 चौरस मीटर, भर दुपारी चौरस मीटरला 1000 वॅट ऊन धरलं तर 46 मेगावॅट पडतायत आणि हातात येतात 50 किलोवॅट, हजारातला एक भाग. मी हे सांगून जिंकलो असं समजत होतो तर समोरचा म्हणाला, चिमणी उंच कर की. आणि तो बरोबर होता! तापलेल्या हवेतल्या उष्णतेपैकी चिमणी जास्तीत जास्त किती भाग कामाला लावू शकते ती मर्यादा उंचीच्या प्रमाणात वाढते, 195 मीटरला पाऊण टक्क्याहूनही कमी पण 1 किलोमीटरला 3 टक्क्यांच्या वर. मग वाद उष्णतेवरून सरकून 1 किलोमीटर उंच चिमणी बांधणार कोण आणि सांभाळणार कोण इथे आला, जिथे तो यायला हवा होता. ती 195 मीटरची 1989 मध्ये वादळात पडली, ताणाच्या तारा गंजल्या होत्या. टर्बाइन चालतं की नाही हे सगळे विचारतात, तारांना रंग कोण लावणार हे कुणी विचारत नाही. समुद्रातल्या यंत्रांबद्दल तर पहिला प्रश्न हाच विचारा.

अजून एक पकड, हिशोबाची कुंपणरेषा कुठे मारलीय ते बघायचं. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेतल्या लेझर फ्यूजनच्या (लेझरने हायड्रोजनचे अणू एकत्र जोडून ऊर्जा काढायच्या) प्रयोगात 2.05 मेगाज्यूल आत गेले आणि 3.15 बाहेर आले, मोठं यश होतं यात वाद नाही. पण 2.05 हा फक्त लेझरचा प्रकाश, तो तयार करायला ग्रिडमधून 300 मेगाज्यूलच्या आसपास घेतले होते. दोन्ही आकडे खरे आहेत, बोलणारा कुठल्या कुंपणाच्या आत उभा आहे तेवढं विचारा. पाण्यावर चालणाऱ्या गाडीचंही असंच, पाणी फोडायला जेवढी ऊर्जा लागते त्याहून जास्त हायड्रोजन परत जाळून मिळणारच नाही. आणि गुरुत्वाकर्षणाने वीज साठवणारे आले की एक टन वजन 100 मीटर वर न्यायचा हिशोब समोर ठेवा, 0.27 युनिट भरतं.

"प्रॅक्टिकल आहे का" या प्रश्नाला "कशासाठी" हे शेपूट लावायला विसरू नका. बटण दाबण्याच्या जोरावर सिग्नल पाठवणारे बिनबॅटरीचे स्विच मिळतात आणि मस्त चालतात, कारण सिग्नलला मिलीज्यूलच पुरतात. माझ्या त्या चकत्याही तेवढ्या कामाच्या होत्याच की.

राहिले चुंबकाची मोटर आपोआप फिरते म्हणणारे. त्यांच्याशी सिद्धांतावर भांडू नका, तिथे रात्र जाते आणि मैत्रीही. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने 1775 मध्येच असली यंत्रं तपासणं बंद केलं होतं. फक्त म्हणा, सगळ्या वायरी आणि बॅटऱ्या काढ, यंत्र काचेच्या टेबलावर ठेव, त्यावर 10 वॅटचा एक बल्ब महिनाभर पेटता राहू दे, खोलीची किल्ली माझ्याकडे. मी हे आत्तापर्यंत तिघांना म्हणालोय, एकाने "पुढच्या महिन्यात" सांगितलंय, बाकी दोघांनी व्हिडिओची दुसरी लिंक पाठवली.