आपण नसताना कुत्रा का भुंकतो, ते असं ओळखा

आम्ही बाहेर पडलो की मोती भुंकत सुटतो, ही शेजारच्या काकूंची रोजची तक्रार. बडोद्यात दांडिया बाजारातलं जुनं घर, भिंतीला भिंत. शेवटी जुना मोबाइल रेकॉर्डिंगला लावून फ्रिजवर ठेवला.

१. निघाल्यापासून अर्धा तास रेकॉर्ड करा.

२. जाड, खरखरीत आवाजात भराभर भुंकत असेल, तर बहुधा बाहेर कुणाची तरी चाहूल. रस्त्याकडची खिडकी लावून घ्या.

३. बारीक, चढ्या आवाजात एकेक भुंकणं, मधेच कुंईकुंई, नाहीतर लांब हेल म्हणजे बहुतेक एकटेपणा. आमचं हेच निघालं! आधी दोन मिनिटं, मग पाच, असं एकटं राहायची सवय लावा. चिकाटी लागते.

गुरगुरण्यावर मात्र दटावू नका. ती त्याची ताकीद असते. ती बंद पाडली तर पुढच्या वेळी थेट चावू शकतो.