केमिस्ट्रीच्या पेपरला जाताय? आधी हजारानं भागा

पेन, हॉल तिकीट, पाण्याची बाटली हे काय सांगायचं. कॅल्क्युलेटर मात्र सायंटिफिक आणि स्वतःचाच न्या. मित्राचा उसना घेतला की लॉगचं बटण शोधण्यातच वेळ जातो, आणि पीएचची गणितं लॉगशिवाय सुटत नाहीत.

आता मुद्द्याचं. जूल आणि किलोजूल. मागच्या वेळी मी इथंच गंडलो. 'डेल्टा जी बरोबर डेल्टा एच वजा टी डेल्टा एस' (डेल्टा म्हणजे बदल, जी मुक्त ऊर्जा, एच एन्थॅल्पी म्हणजे उष्णतेचा हिशेब, टी तापमान, एस एन्ट्रॉपी म्हणजे विस्कळीतपणा; डेल्टा जी उणे आला तर अभिक्रिया आपोआप होते) हे सूत्र झोपेतसुद्धा म्हणून दाखवलं असतं. गणित आलं अमोनियाचं: एक मोल नायट्रोजन, तीन मोल हायड्रोजन, तापमान २९८ केल्विन. डेल्टा एच उणे ९२.२ किलोजूल, डेल्टा एस उणे १९८.७ जूल प्रति केल्विन. दोन्ही आकडे दिलेत तसेच कोंबले. उत्तर अधिक ५९,१२०! त्याखाली दुहेरी रेघ मारून 'अभिक्रिया आपोआप होत नाही' असंही ऐटीत लिहून आलो. एन्ट्रॉपीला हजारानं भागलं असतं तर उणे ३३ किलोजूल आलं असतं, म्हणजे बरोबर उलटं. कोष्टकात एन्थॅल्पी किलोजूलमध्ये आणि एन्ट्रॉपी जूलमध्येच देतात. तेव्हा आकडा नंतर, आधी एकक वाचा. भावांनो, आधी एकक.

आरचंही, म्हणजे वायू स्थिरांकाचंही, तेच. दाब ॲटमॉस्फिअरमध्ये आणि आकारमान लिटरमध्ये असेल तर ०.०८२१, ऊर्जेच्या गणितात ८.३१४. आणि या ८.३१४ नं उत्तर येतं ते जूलमध्ये. परत जूल!

मोलॅलिटीला, म्हणजे द्रावणाची तीव्रता काढताना, द्रावकाचे किलो घ्यायचे, द्रावणाचे लिटर नव्हे. उकळबिंदू का चढतो हे कळत नसेल तर हंगामात एखाद्या गुऱ्हाळावर जाऊन उभे राहा. काहिलीतला रस जसा आटेल तसा तापत जातो, गूळ उतरवायच्या वेळी ११५ अंशांच्या पुढं गेलेला असतो. पण पाण्याचा उकळबिंदू किती चढेल ते सांगणारं ०.५१२ चं सूत्र विरळ द्रावणाचं आहे, ते काकवीला लावत बसू नका.

समतोलाला आइस टेबल (सुरुवात, बदल, समतोल असं कोष्टक) मांडा, घन पदार्थ केसीत, म्हणजे समतोल स्थिरांकात, घेऊ नका. कॅथोडवर रिडक्शन. नर्न्स्टच्या (विद्युत घटाच्या व्होल्टेजच्या) समीकरणातलं ०.०५९२ फक्त २५ अंशांना. क्वांटम नंबर आदल्या दिवशी होतात. पुस्तक घेऊन रंकाळा तलावावर जाऊ नका, भेळ होते, अभ्यास होत नाही. पेपरच्या सकाळी मिसळ नको. बाकी तुमचं तुम्ही बघा, आणि हजारानं भागलं का तेवढं बघा.