साइट हलवण्याआधी जुने पत्ते गोळा करा : सीएमएस मायग्रेशन आणि घरातली फॉस्टर कुत्री

सीएमएस म्हणजे साइटचा मजकूर सांभाळणारी प्रणाली (वर्डप्रेस, ड्रूपल, जूमला वगैरे), आणि मायग्रेशन म्हणजे साइट एकीवरून दुसरीवर हलवणं. या कामात येऊ पाहणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. कोणता प्लगइन वापरू, कोणता कोर्स करू, आधी वर्डप्रेस शिकू की ड्रूपल. त्यांची उत्तरं देते, पण थोडक्यात, कारण माझं रक्त आटलं ते या प्रश्नांपायी नव्हे. ते आटलं यूआरएलपायी, म्हणजे पानांच्या वेब-पत्त्यांपायी, आणि तेही देवनागरी यूआरएलपायी. त्याबद्दल इंग्रजी ट्युटोरियलांत सहसा अवाक्षर नसतं.

हे काम मी घरून करते आणि घरात बहुतेक वेळ एखादं फॉस्टर कुत्रं असतं. कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायचं, मग निरोप द्यायचा. दोन्ही विषय एकत्र लिहिते आहे, कारण ‘घरूनच काम आहे, मग कुत्रं सहज सांभाळता येईल’ या हिशोबाने बरेच जण दोन्ही एकदम अंगावर घेतात. जमतं, नक्की जमतं. फक्त दोन्हींचे अवघड दिवस एकाच आठवड्यात येऊ द्यायचे नाहीत.

आधी कामाबद्दल. काम भरपूर आहे. ड्रूपल ७ चा अधिकृत सपोर्ट ५ जानेवारी २०२५ ला संपला. त्यावर वर्षानुवर्षं चाललेल्या साइट्सना कुठेतरी जावंच लागणार. तिथून पुढे जाणं म्हणजे अपडेटचं बटण दाबणं नव्हे. २०१५ मध्ये आलेल्या ड्रूपल ८ ने आतली रचनाच बदलली, त्यामुळे ड्रूपलवरून ड्रूपलवर जायचं तरी ते मायग्रेशनच असतं. शिवाय जुन्या जूमला साइट्स आहेत, कोणीतरी हाताने लिहून सोडून दिलेल्या पीएचपी साइट्स आहेत. शिकायचं असेल तर एसक्यूएल, रेग्युलर एक्स्प्रेशन आणि एचटीटीपीचे स्टेटस कोड आधी शिका, आणि स्प्रेडशीट मनापासून शिका. थीम बनवता येणं या कामात फारसं कामी येत नाही.

‘एका क्लिकमध्ये मायग्रेशन’वाल्या प्लगइनबद्दल माझं मत कडक आहे. तीच साइट, तोच सीएमएस, फक्त होस्टिंग बदलायचं असेल तर खुशाल वापरा. सीएमएसच बदलत असेल तर असा प्लगइन डोळ्यांना दिसतं तेवढं नेतो आणि उरलेलं तुमच्या गळ्यात टाकतो. जूमलामध्ये लेखाचा मजकूर ‘अधिक वाचा’च्या रेघेपाशी तुटून दोन वेगळ्या कॉलमांत साठवलेला असतो. एकच कॉलम उचलला की प्रत्येक लेखाची पहिली दोन वाक्यं येतात आणि बाकी लेख मागे राहतो. वर्डप्रेसचे शॉर्टकोड (पानात गॅलरी, फॉर्म वगैरे आणणाऱ्या खुणा) दुसऱ्या सीएमएसमध्ये चौकोनी कंसांसकट वाचकाला तसेच दिसतात. वर्डप्रेसच्याच डेटाबेसमध्ये डोमेन बदलताना साधं शोधा-आणि-बदला केलं तर सिरियलाइझ केलेल्या, म्हणजे एका सलग ओळीत बांधून ठेवलेल्या, सेटिंग्ज मोडतात, कारण तिथे प्रत्येक मजकुराच्या आधी त्याची लांबी लिहिलेली असते आणि ती लांबी आता चुकीची ठरते. त्यासाठी डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड-लाइन साधनाची सर्च-रिप्लेस कमांड आहे, ती लांबी सांभाळून बदल करते. या गोष्टी कुठेही वाचायला मिळतील, म्हणून इथेच सोडते.

आता तो सापळा. हा भाग सावकाश वाचा.

मराठी साइट, वर्डप्रेसवरून दुसऱ्या सीएमएसवर. लेख सगळे आले, दोन्ही बाजूंचा आकडा तंतोतंत जुळला. चित्रं आली, लेखकांची नावं आली, तारखा आल्या. वर्डप्रेस शीर्षकावरून स्लग, म्हणजे पत्त्यातला लेखाच्या नावाचा तुकडा, करतं, नवा सीएमएसही शीर्षकावरूनच करतो, म्हणजे पत्ते तेच राहणार असं सगळ्यांनी धरून चाललेलं. साइट लाइव्ह गेली आणि सर्च इंजिनमधून येणारे वाचक ४०४ वर, म्हणजे ‘पान सापडलं नाही’वर, आपटायला लागले. तेही सगळे नाहीत. छोट्या शीर्षकांचे लेख उघडत होते, मोठ्या शीर्षकांचे उघडत नव्हते. सर्व्हरचं कॉन्फिगरेशन पाहिलं, कॅश साफ केली, पर्मालिंकच्या सेटिंग्ज उलटसुलट केल्या. कारण यातल्या कशातच नव्हतं.

वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये स्लगचा कॉलम २०० अक्षरांचा असतो. इंग्रजी शीर्षकाला ही मर्यादा क्वचितच जाणवते. देवनागरी स्लग मात्र तिथे देवनागरी म्हणून साठवला जात नाही, पर्सेंट एन्कोडिंग करून साठवला जातो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइटचं, आणि प्रत्येक बाइट लिहायला टक्क्याचं चिन्ह आणि पुढे दोन अक्षरं अशा ३ जागा लागतात. म्हणजे एका चिन्हाला ९ जागा. २०० ला ९ ने भागा, जेमतेम २२ चिन्हं बसतात. आणि चिन्ह म्हणजे अख्खं अक्षर नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, सगळे सुटे मोजले जातात.

एक शीर्षक हाताने मोजून पाहा : ‘पावसाळ्यात कुत्र्यांच्या कानांची काळजी’. ‘पावसाळ्यात’ची चिन्हं १०, म्हणजे ९० जागा. मधल्या रेघेची १. उरल्या १०९. ‘कुत्र्यांच्या’ची चिन्हं १३, त्यातली १२ बसतात. तेराव्या चिन्हाला, म्हणजे शेवटच्या कान्याला, जागा उरत नाही. वर्डप्रेस तिथेच थांबतं आणि स्लग होतो ‘पावसाळ्यात-कुत्र्यांच्य’. पुढचे दोन शब्द पत्त्यात येतच नाहीत. नवा सीएमएस पूर्ण शीर्षकाचा स्लग करतो, किंवा ते रोमन लिपीत उतरवतो. दोन्ही पत्ते जुळायचे कसे?

मालिका असेल तर आणखी गुंता. ‘भाग १’, ‘भाग २’ हे शब्द शीर्षकाच्या शेवटी असतात, म्हणजे नेमके कापले जातात. मग सगळ्या भागांचे स्लग सारखेच होतात आणि वर्डप्रेस त्यांच्यापुढे २, ३ असे आकडे लावतं, तेही कोणता लेख आधी सेव्ह झाला त्या क्रमाने. तिसऱ्या भागाच्या पत्त्यात २ असू शकतो. कापण्याचा नियम पाठ केला तरी शीर्षकावरून असा पत्ता काढता येत नाही.

आणि हे चाचणीत दिसत का नाही? ब्राउझर ॲड्रेस बारमध्ये एन्कोडिंग उलगडून छान देवनागरी दाखवतो आणि लांब पत्त्याचं टोक कोणी बघत नाही. शिवाय तपासायला आपण मुखपृष्ठ, ‘आमच्याविषयी’, ‘संपर्क’ ही पानं उघडतो. ती छोट्या नावांची, ती चालतातच.

याच घराण्यातले आणखी दोन त्रास. वर्डप्रेस एन्कोडिंगमधली रोमन अक्षरं छोट्या लिपीत ठेवतं, बरीच इतर साधनं मोठ्या लिपीत लिहितात. नियमाप्रमाणे दोन्हींचा अर्थ एकच, पण रीडायरेक्टचा, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवण्याचा, तक्ता अक्षराला अक्षर ताडून बघत असेल तर तो जुळणी नाकारतो. दुसरं म्हणजे ‘दुसऱ्या’मधला ऱ. तो युनिकोडमध्ये एका चिन्हानेही लिहिता येतो आणि र च्या खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊनही. डोळ्यांना फरक शून्य, डेटाबेसला पूर्ण वेगळा. देवनागरी नावांच्या चित्रांच्या फाइल्समध्ये हे हमखास निघतं. तुलना करण्याआधी दोन्ही बाजूंचा मजकूर एकाच युनिकोड रूपात आणून घ्या.

उपाय कंटाळवाणा आहे आणि दुसरा नाही. पत्ता शीर्षकावरून काढायचा नाही, जुन्या डेटाबेसमधून जसाच्या तसा उचलायचा. तेवढ्यावरही थांबायचं नाही. साइटमॅपमधून पत्ते घ्या, क्रॉलर (साइटवरचा दुवा न् दुवा उघडून बघणारा प्रोग्राम) चालवून घ्या, गूगलच्या सर्च कन्सोलमधून घ्या, आणि मुख्य म्हणजे सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमधून, म्हणजे आलेल्या प्रत्येक विनंतीच्या नोंदीतून, घ्या. लोक खरोखर कुठे येतात ते लॉगलाच माहीत असतं. कधीकाळी छापलेल्या पत्रकावरचा पत्ता, कोणीतरी जुन्या लेखात दिलेला दुवा, थेट पीडीएफवर येणारे वाचक, हे सगळं तिथे सापडतं. जुना पत्ता, नवा पत्ता, स्टेटस अशी एक शीट करा. मग छोटी स्क्रिप्ट लिहून प्रत्येक जुना पत्ता स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीसाठीच्या प्रतीवर, मारून बघा : आधी ३०१ (पत्ता कायमचा हलला), मग २०० (पान मिळालं), आणि उघडलेल्या पानाचं शीर्षक तेच आहे ना. सगळे हरवलेले पत्ते मुखपृष्ठाकडे वळवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. गूगल अशा रीडायरेक्टना सॉफ्ट ४०४, म्हणजे ‘पान नाहीच’ असं, धरतं, आणि वाचक तर चिडतोच.

घाबरू नका. एकदा ही शीट करायची सवय लागली की या कामातली निम्मी भीती जाते. नव्या माणसाला जुन्याइतकंच जमणारं हे काम आहे, यात प्रतिभा लागत नाही, चिकाटी लागते.

कुत्र्यांकडे येते. सोबत आलेल्या कागदांवर किती विसंबायचं हे मला त्यांनीच शिकवलं. ठिपकी आली तेव्हा तिच्या कागदावर ‘माणसांशी छान’ असं लिहिलेलं होतं. लिहिणाऱ्याने खोटं लिहिलं नव्हतं, तिथे ती तशी असेल. माझ्याकडे ती टेबलाखाली भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, खुर्चीचं चाक सरकलं तरी अंग चोरायची, आणि खोलीत कोणी असेल तर वाडग्याला तोंडही लावायची नाही. मी वाडगा ठेवून लॅपटॉप घेऊन दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचे. दाराच्या फटीतून चाटण्याचा आवाज आला की तेवढ्या वेळात शीटच्या दहा-वीस ओळी करायच्या. तिला हात लावायची घाई मी केली नाही. एक दिवस ती स्वतःच टेबलाखालून निघून माझ्या पायावर हनुवटी टेकवून झोपली.

फॉस्टरिंगमध्ये ३-३-३ असा एक ढोबळ अंदाज सांगतात : पहिले ३ दिवस बावरलेलं, ३ आठवड्यांत घराची शिस्त कळते, ३ महिन्यांत खरा स्वभाव दिसतो. नियम म्हणून धरू नका, पण पहिले दिवस मोकळे ठेवा. नवं कुत्रं निसटण्याचा धोका तेव्हाच सर्वांत जास्त असतो, म्हणून बाहेर नेताना हार्नेस आणि कॉलर दोन्हींना लीश लावा. दार उघडण्याआधी कुत्रं बांधलेलं आहे ना ते बघा. खाणं एकदम बदलू नका, आठवडाभर जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत न्या. घरात आधीचं कुत्रं असेल तर दोघांची ओळख घराबाहेर, समांतर चालवत करून द्या. दोन कुत्र्यांना खोलीत सोडून ‘बघा, लगेच दोस्ती झाली’ असे व्हिडिओ फिरतात, ते पाहून काही करू नका.

आणि एक सक्त इशारा. पिल्लू घेणार असाल तर पार्व्होबद्दल, म्हणजे पिल्लांना जीवघेणे उलट्या-जुलाब करणाऱ्या विषाणूबद्दल, आधी पशुवैद्याशी बोला. हा विषाणू जागेत महिनोन्‌महिने टिकतो आणि फरशी पुसायची कित्येक नेहमीची जंतुनाशकं त्याला मारत नाहीत, पातळ केलेलं ब्लीच मारतं. घरात पार्व्होचं पिल्लू राहून गेलं असेल तर लसीकरण पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू तिथे आणू नका. जागा रिकामी आहे म्हणून संस्थेकडून फोन येईल, वाईट वाटेल, तरी नाही म्हणा.

वेळापत्रकाबद्दल म्हणूनच आग्रहाने सांगते. लाइव्ह जाण्याच्या आठवड्यात नवं कुत्रं घरी आणू नका. लाइव्हच्या दिवशी तुमचं पूर्ण लक्ष पडद्यावर हवं असतं, आणि बावरलेल्या कुत्र्याला पहिल्या दिवसांत तुमचं पूर्ण लक्ष हवं असतं. मध्ये कुत्रंच हाल सोसतं, कारण क्लायंट फोन करू शकतो आणि ते करू शकत नाही. उलट शीट भरण्याचे, मजकूर तपासण्याचे संथ आठवडे फॉस्टरसाठी उत्तम. माणूस तासन्‌तास एका जागी शांत बसलेला असतो, भित्र्या कुत्र्याला तेच हवं असतं.

मेंटर हवाच का, असं विचारतात. मदत करणारं माणूस असावं, पण पारखून घ्या. केवळ यशस्वी प्रोजेक्टची नावं सांगणाऱ्यापेक्षा स्वतःची रीडायरेक्टची शीट आणि लाइव्हच्या रात्रीची नोंदवही उघडून दाखवणारा माणूस शतपटीने उपयोगाचा. मला सर्वांत जास्त शिकवलं ते एका सर्व्हर सांभाळणाऱ्या ताईंनी. सीएमएस त्यांना फारसा येत नव्हता, पण लॉग कसा वाचायचा ते त्यांनी शेजारी बसवून शिकवलं.

लाइव्ह जाण्याच्या आधी डीएनएसचा टीटीएल (डोमेन कोणत्या सर्व्हरवर आहे हे इतर यंत्रं किती वेळ लक्षात ठेवतात ती मुदत) ३०० सेकंदांवर आणा, आणि तो बदल जुन्या टीटीएलएवढा वेळ आधी करा, नाहीतर त्याचा उपयोग नाही. मजकूर गोठवण्याची तारीख (त्यानंतर जुन्या साइटवर बदल नाहीत) क्लायंटकडून लेखी घ्या. स्टेजिंगवर सर्च इंजिनांना अडवणारी खूण लाइव्हवर काढली का ते स्वतः बघा, दुसऱ्याच्या ‘हो’वर जाऊ नका. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी लाइव्ह जाऊ नका. ३०१ किमान वर्षभर ठेवा असं गूगलच सांगतं, मी म्हणेन जमेल तितके दिवस ठेवा. आणि जुना सर्व्हर लगेच बंद करू देऊ नका. क्लायंट पैसे वाचवायला घाई करतो, पण विसरलेला कॉलम किंवा राहिलेला फोल्डर नेमका त्यानंतरच आठवतो.

पहिलं काम म्हणून शे-दोनशे पानांची, जिवंत, लोक खरोखर वाचतात अशी मराठी साइट घ्या. त्याहून मोठी नको. मोबदला ठरवताना पत्त्यांच्या शीटचे तास वेगळी ओळ म्हणून लिहा. ‘हे कशाला?’ असं क्लायंट विचारेलच. तेव्हा त्याच्याच साइटवरचं सर्वांत लांब शीर्षक घ्या आणि त्याच्यासमोर चिन्हं मोजून दाखवा.