एनकेएल-२६ च्या चारही स्की एका पातळीत

मागच्या पंख्याच्या जोरावर घसरणाऱ्या सोव्हिएत एनकेएल-२६ या बर्फगाडीच्या १/३५ प्रमाणातल्या मॉडेलमध्ये एखादी स्की हमखास अधांतरी राहते. चार स्कींचे पाय स्वतंत्र. सुपरग्लूने एकेक चिकटवला की सुधारायला वावच उरत नाही. मी पायांच्या मुळाशी ०.५ मिमीची पितळी तार घातली, सांधे सावकाश सुकणाऱ्या घट्ट सिमेंटने (म्हणजे मॉडेलचं प्लास्टिक जोडायच्या गोंदाने) जोडले आणि ते ओले असतानाच गाडी काचेवर ठेवली. प्रत्येक स्कीखाली कागदाची पट्टी सरकवून पाहायची; जिथे ती सहज सरकते ती स्की हलकेच खाली दाबायची. मग रात्रभर हात लावायचा नाही.

पुढची चिलखती पाटी सोडली तर गाडीचं अंग प्लायवूडचं. म्हणून रंग उडालेला दाखवताना चंदेरी छटा कृपया नको, लाकडीच हवी!