एकाच शिक्षकावर उभा असलेला भाषाविभाग कसा टिकवायचा

सुमेरियन, हित्ती, उगारिटिक अशा पश्चिम आशियातल्या प्राचीन, मृत भाषांचा विभाग म्हणजे अनेकदा एकच माणूस. तो निवृत्त झाला की पद रिकामं राहतं आणि कपाटं तळघरात जातात. म्हणून सोपवासोपवी निदान तीन वर्षं आधी सुरू करा.

आधी कपाट. शब्दांची कार्डं रंगीत, ४०० डीपीआयवर (दर इंचाला ४०० ठिपके), दोन्ही बाजूंनी स्कॅन करा. निव्वळ काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये पेन्सिलीचं लिखाण उडतं, आणि दुरुस्त्या हमखास पेन्सिलीनेच केलेल्या असतात. कार्डाला क्रमांक ०००१ असा द्या, नाहीतर दहावं कार्ड दुसऱ्याच्या आधी येऊन बसतं. कार्डांवरच्या संक्षेपांची यादी शिक्षकाकडूनच लिहून घ्या. ती नसेल तर स्कॅन म्हणजे नुसती चित्रं. अक्कादियन या प्राचीन मेसोपोटेमियातल्या भाषेचा शिकागोचा कोश १९२१ साली सुरू झाला आणि २०११ साली पुरा झाला. इतकं लांबलेलं काम पुढच्या हातात जायचं तर एकाचं कार्ड दुसऱ्याला वाचता आलंच पाहिजे.

खरी पडझड संगणकातल्या फाइलींत होते. क्यूनिफॉर्म, म्हणजे या भाषांची पाचरीच्या आकाराच्या खुणांची लिपी, युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण संचात) आली २००६ साली. त्याआधीच्या फाइली अनेकदा घरगुती फॉन्टमध्ये असतात. तो फॉन्ट नसेल तर समोर नुसता कचरा दिसतो. त्यामुळे रूपांतराआधी तीन गोष्टी जपा: मूळ फाइल, तिचा फॉन्ट आणि फॉन्ट चालू असताना काढलेली पीडीएफ. मग कुठल्या कळीला कुठलं चिन्ह, याचा तक्ता करून रूपांतर करा.

तपासताना बारीक खुणांवर डोळा ठेवा. सुमेरियनमध्ये ‘दू’ म्हणजे जाणे आणि ‘दू₃’ म्हणजे बांधणे; उच्चार एकच असलेली चिन्हं अशा आकड्यांनी वेगळी दाखवतात. कॉपी-पेस्टमध्ये तो खालचा ३ गळला की वाक्याचा अर्थच फिरतो. शिलालेखांच्या लिप्यंतरात अक्षराखालचा टिंब ‘वाचन संशयास्पद’ असं सांगतो. टिंब गेला तर अंदाजाचं वाचन पक्कं होऊन बसतं, आणि ही चूक कुणाच्या लक्षातही येत नाही. दर शंभर ओळींमागे दहा ओळी पीडीएफशी ताडून पाहा.

शिकवण्याचं गणित त्यामानाने सोपं आहे. प्राथमिक वर्ग एक वर्षाआड घ्या, मधल्या वर्षी वाचनवर्ग. दोन-तीन विद्यापीठांनी मिळून ऑनलाइन वर्ग चालवावा. मात्र श्रेयांकांना सगळीकडे मान्यता आहे ना, हे प्रवेशाआधी लेखी घ्या. वाचनवर्गाचं ध्वनिमुद्रण जरूर ठेवा. छापील आवृत्तीत निवडलेला पाठ (मजकुराचं स्वीकारलेलं वाचन) मिळतो, पण बाकीचे का नाकारले, याची सगळी चर्चा वर्गातच होते.