जुनी गेम कॅसेट घेताना आधी पिना मोजा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला फिरताना जुन्या टीव्ही गेमची कॅसेट दिसली, की किंमत विचारण्याआधी ती उलटी धरून पिना बघा. आपल्याकडची बहुतेक जुनी मशीन म्हणजे १९८३च्या फॅमिकॉम या जपानी गेम मशीनच्या नकला. त्यांना ६० पिनांची कॅसेट लागते, दोन्ही बाजूंना तीस-तीस. अमेरिकेहून आणलेली एनईएसची, म्हणजे फॅमिकॉमच्या अमेरिकी आवृत्तीची, कॅसेट ७२ पिनांची, ती यात बसणारच नाही. पिना काळवंडल्या असल्या तरी कॅसेट टाकून देऊ नका. कापसाची कानकाडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून हलक्या हाताने पुसा. फुंकर मात्र नको, लहानपणची ती सवय सोडाच. तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात. आणि दुकानातच टीव्हीला लावून गेम सुरू झालेला बघा, मगच पैसे द्या.